दर फेब्रुवारीला लाल कोळी परत येतोय? औषध बदलायच्या आधी पान उलटं करून बघा

लाल कोळी म्हणजे पानाखाली राहून रस शोषणारी, नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड. दर सीझनला त्याचं हेच रडगाणं ऐकतोय म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतो. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं, दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं की पानावर सुईने टोचल्यासारखे पिवळट ठिपके येतात, आठवड्याभरात पान तांबूस पडतं, खालून बारीक जाळी. मग दुकान, औषध, ब्लोअर. चार दिवस बरं वाटतं आणि दहाव्या दिवशी बघावं तर पहिल्यापेक्षा जास्त कोळी. दुकानदार म्हणतो ते आता चालत नाही दादा, हे नवीन आलंय. ते पण आणायचं. निफाडकडच्या आमच्या थॉम्पसन जातीच्या द्राक्षाच्या प्लॉटवर हा खेळ मी सलग चार सीझन खेळलो, चौथ्या वर्षी तर एका हंगामात कोळ्याचेच पाच स्प्रे झाले, माल लोकलला गेला म्हणून निभावलं नाहीतर रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या, नावाने बोंब होती, आणि एवढं करून पानं भाजल्यासारखी, घडात गोडी भरायलाच तयार नाही. पाचव्या स्प्रेनंतर कुठे दहा पटीचं भिंग विकत घेतलं. ते पहिल्या स्प्रेच्या आधी घ्यायला पाहिजे होतं.

तर आधी भिंग. पान तोडू नका, वेलीवरच उलटं करा, उन्हाकडे पाठ करून उभं राहा आणि मधल्या शिरेला जिथे बाजूच्या शिरा फुटतात त्या बेचक्यात बघा. लाल कोळी म्हणजे फुगीर, सुस्त, पाठीवर दोन बाजूंना काळपट डाग, रंग हिरवट पिवळ्यापासून विटकरीपर्यंत कुठलाही. अंडी गोल, पाण्याच्या थेंबासारखी. आजूबाजूला पांढऱ्या कातींचा कचरा. नीट बघितलं तर एखादी अर्धवट वाढलेली मादी पाय आखडून निपचित पडलेली दिसेल आणि तिला खेटून एक बारका, मागे निमुळता नर बसलेला असेल, ती शेवटची कात टाकून बाहेर पडली रे पडली की जुळायचं म्हणून पहारा देतोय. हे एवढ्यासाठी सांगतोय की त्या निपचित अवस्थेत आणि अंड्यात असताना बरीच औषधं त्यांना लागूच पडत नाहीत, आणि तुमचा दहाव्या दिवशी परत आलेला कोळी म्हणजे बहुतेक वेळा तेच.

आता त्याच पानावर अजून एक जण शोधायचा. आकार नासपतीसारखा, अंग चकचकीत, डाग नाहीत, फिकट पिवळसर नाहीतर कोळी खाऊन खाऊन नारिंगी झालेला, आणि पळतो. म्हणजे अक्षरशः पळतो, लाल कोळी कधी असा पळत नाही. याची अंडी लांबट आणि लाल कोळ्याच्या अंड्यापेक्षा जराशी मोठी. हा मित्र कोळी, आपल्याकडे जास्त करून नियोसियुलस लाँगिस्पायनोसस नावाचा, इथलाच, बाहेरून आणलेला नाही. त्याच्या जोडीला मोहरीपेक्षाही बारीक काळा ढालकिडा दिसला तर तो स्टेथोरस, त्याचं आणि त्याच्या अळीचं मुख्य खाणंच कोळी. आणि पंखांवर ठिपके असलेला एक पिवळट थ्रिप्स असतो, स्कोलोथ्रिप्स, तोही कोळी खातो, पण आपण थ्रिप्स म्हटलं की बंदूकच काढतो.

माझ्या प्लॉटवर त्या दिवशी मी साठेक पानं बघितली. लाल कोळी भरपूर. पळणारा एकही नाही.

घरी येऊन फवारणीची वही उघडली तर कारण तिथेच लिहिलेलं. छाटणीनंतर डोळे फुगताना ते कुरतडणाऱ्या उडद्या भुंगेऱ्यासाठी इमिडाक्लोप्रिड, मग थ्रिप्ससाठी लॅम्डा सायहॅलोथ्रिन, मध्ये पाऊस झाला म्हणून डावणी या बुरशीच्या रोगाला मॅन्कोझेबचे पाठोपाठ स्प्रे, भुरी या दुसऱ्या बुरशीला गंधक. यातलं एकही कोळ्यासाठी नव्हतं, पण लॅम्डासारखी पायरेथ्रॉइडं मित्र कोळ्याला साफ करतात, इमिडाक्लोप्रिडनंतर तर लाल कोळ्याची मादी उलट जास्त अंडी घालते असं बऱ्याच पिकांत दिसून आलंय, आणि मॅन्कोझेब वारंवार मारलं की मित्र कोळ्याची संख्या घटते हे युरोपातल्या द्राक्षवाल्यांना कधीपासून माहितीये, ते लोक बुरशीनाशक निवडताना सुद्धा मित्र कोळ्याला किती बाधतं ते बघून निवडतात. म्हणजे फेब्रुवारीतल्या कोळ्याची सोय मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करून ठेवली होती. ही नवीन गोष्ट अजिबात नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंदाच्या बागांत डीडीटी सुरू झालं तेव्हा तिथला लाल कोळी, पॅनोनिकस उल्मी, जो तोपर्यंत कोपऱ्यात पडून असायचा, तो एकदम मुख्य कीड होऊन बसला, कारण त्याला खाणारे मेले आणि तो राहिला.

पण मित्र कोळी मेले एवढंच असतं तर निदान कोळ्याचं औषध तरी चाललं असतं ना? ते का चालत नाही, इथे जनुकांचा भाग येतो आणि तो जरा नीट समजून घ्या, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

लाल कोळ्यात नर बिनबापाचा असतो. मादी जुळली नाही तरी अंडी घालते, त्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि त्यांच्यात जनुकांचा एकच संच असतो, आईचा. जुळलेल्या मादीच्या फळलेल्या अंड्यांतून माद्या, त्यांच्यात दोन संच. आता समजा एखाद्या औषधाला दाद न देणारं जनुक दबून राहणारं आहे, म्हणजे दोन्ही संचात असलं तरच मादी वाचते. दोन संचवाल्या किडीत असं जनुक बरीच वर्षं झाकलेलं राहतं. कोळ्याच्या नरात झाकायला दुसरा संचच नाही, जनुक असलं की ते लगेच उघडं पडतं, औषधाने बाकीचे नर मेले की हाच राहतो आणि उरलेल्या माद्या त्याच्याच वाट्याला येतात. वर एकटी वाचलेली मादी आधी मुलगे घालते आणि मग त्यांच्यातल्याच एकाशी जुळून लेकी घालू शकते, म्हणजे अख्ख्या पानावर एक जरी उरली तरी वंश पुढे चालू. एक मादी सहज शंभराच्या आसपास अंडी घालते, तीस डिग्रीच्या पुढे अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठ-दहा दिवस, आणि एका नरामागे साधारण तीन माद्या. करा हिशोब फेब्रुवारी ते एप्रिलचा.

बायफेनाझेट या कोळ्याच्या औषधाचं तर वेगळंच. त्याला न जुमानण्याचा बदल मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, जनुकात होतो आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे अशा एका मादीची झाडून सगळी पिल्लं तशीच निघतात, बाप कोण याला काही अर्थच नाही.

२०११ मध्ये या कोळ्याचा, टेट्रानिकस अर्टिकीचा, पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचला गेला. जेमतेम ९ कोटी अक्षरांचा, आपल्या द्राक्षवेलीच्या जीनोमच्या साधारण पाचवा हिस्सा, पण त्यात विष पचवणाऱ्या आणि बाहेर फेकणाऱ्या जनुकांची फौज आहे आणि काही जनुकं तर चक्क बुरशी आणि बॅक्टेरियाकडून उचललेली. हा प्राणी ११०० पेक्षा जास्त प्रकारच्या झाडांवर जगतो. प्रत्येक झाडाचं विष वेगळं, ते पचवत पचवत हा इथवर आलाय, त्याच्यासाठी आपलं औषध म्हणजे अजून एक कडू पान. रंगावर पण जाऊ नका, हिरवट कोळी आणि विटकरी कोळी आधी दोन वेगळ्या जाती समजायचे, आता एकाच जातीची दोन रूपं धरतात, आणि एकाच गावात दोन प्लॉटवरचे कोळी दिसायला सारखे असून एकाला अबामेक्टिन हे औषध लागू पडतं आणि दुसऱ्याला पडत नाही असं होऊ शकतं. म्हणून शेजाऱ्याला रिझल्ट आला म्हणून तुम्हालाही येईल हे गृहीत धरू नका, त्याच्या कोळ्याचा इतिहास वेगळा, तुमच्या कोळ्याचा वेगळा.

इथे अजून एक घोळ होतो, मी पण केलाय. औषध बदललं असं वाटतं आणि ग्रुप, म्हणजे औषध किडीच्या अंगात कुठे मारतं त्यावरून पडलेला गट, तोच असतो. थ्रिप्स-अळीला इमामेक्टिन मारलं, महिन्याने कोळ्याला अबामेक्टिन, दोन्ही एकाच ग्रुपचे. फेनाझाक्विन, फेनपायरॉक्सिमेट आणि टोलफेनपायरॅड, तिघं एकाच घरातले. हेक्झिथायाझॉक्स आणि इटॉक्साझोल नावाला वेगळे, पण मारतात एकाच जागी, म्हणजे एक बिनकामाचं झालं की दुसऱ्याचा भरवसा धरू नका. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक असतो तो वहीत लिहा आणि त्याच्यापुढे ग्रुप लिहा, बाकी सगळं आपोआप दिसतं.

तुमच्या प्लॉटवर कुठलं औषध मेलंय ते घरी तपासता येतं, लॅब लागत नाही. भरपूर कोळी असलेली दहा-बारा पानं आणा, अर्धी पानं लेबलवर दिलेल्या प्रमाणातल्या औषधाच्या पाण्यात पाच सेकंद बुडवा, अर्धी नुसत्या पाण्यात, थोडं निथळू द्या आणि ताटलीत ओल्या कापसावर पान पालथं म्हणजे खालची बाजू वर येईल असं ठेवा. ओला कापूस पानाच्या कडेला पुरता टेकलेला पाहिजे नाहीतर कोळी चालत निघून जातात आणि तुम्हाला वाटतं मेले. सावलीत ठेवा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी भिंगाखाली बारीक ब्रशच्या केसाने एकेकाला हलकं ढोसा, पाय हलवून चालला तर जिवंत. पाण्यातल्या ताटलीत जेवढे मेले तेवढे आपोआप मेलेले धरायचे. माझ्याकडे अबामेक्टिनच्या ताटलीत तिसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त कोळी आरामात फिरत होते आणि मी तेच औषध डोस वाढवून मारत होतो. फक्त हेक्झिथायाझॉक्स, इटॉक्साझोल असल्या औषधांना ही परीक्षा लावू नका, ती मोठ्या कोळ्याला मारतच नाहीत, अंडी आणि पिल्लांवर चालतात, तिथे मोठा कोळी जिवंत दिसला म्हणून औषध फेल असं होत नाही. कित्येक जण याच गैरसमजात चौथ्या दिवशी दुसरं औषध मारून मोकळे होतात.

आणि ताटलीत मरतात पण बागेत मरत नाहीत असं असेल तर दोष औषधाचा नाही, कव्हरेजचा. कोळी पानाच्या खाली, आपला फवारा वरून, मांडव गच्च. फवारणी झाल्यावर लगेच मांडवाच्या आत जाऊन चार पानं उलटी करून बोट फिरवा, कोरडं लागलं तर तुम्ही फक्त वरचं पान धुतलंय. गर्दीच्या काड्या मोकळ्या करणं हा पण कोळ्यावरचाच उपाय समजा.

आता मित्र कोळ्याचं. पहिल्या वर्षी उत्साहात लोक विचारतात विकत मिळतो का. परदेशात फायटोसियुलस पर्सिमिलिस नावाचा बाटल्यांत मिळतो, तो मूळचा चिलीकडचा, १९५० च्या दशकाच्या शेवटी चिलीतून आलेल्या ऑर्किडवर जर्मनीत सापडला आणि तिथून ग्रीनहाऊसमध्ये जगभर गेला. खायला जबरदस्त, पण त्याला हवेत ओल लागते, कोरड्या हवेत त्याची अंडी सुकतात, त्यामुळे पॉलिहाऊसमधल्या गुलाबावर ठीक, आपल्या मार्चच्या मोकळ्या मांडवात त्याच्यावर पैसे घालू नका असं माझं मत. इथलाच, इथल्या उन्हात वाढलेला जास्त कामाचा. मित्र कोळ्यात पण जनुकांचा फरक असतोच की, तो फक्त शत्रूच्याच बाजूने असतो असं नाही. कॅलिफोर्नियात मार्जोरी हॉय नावाच्या बाईंनी बदामाच्या बागांसाठी मित्र कोळ्याचे असे वाण निवडून तयार केले जे कीटकनाशकांत सुद्धा तगायचे, आणि १९८० च्या दशकात ते तिथल्या बागांत सोडले गेले. आपण वाण तयार करू शकत नाही, पण आपल्याच भागात फवाऱ्यांत तगून राहिलेले मित्र कोळी हे तसेच निवडून आलेले असतात, ते जपणं आपल्या हातात आहे.

युरोपातले द्राक्षवाले यासाठी एक साधी गोष्ट करतात. ज्या जुन्या बागेत मित्र कोळी भरपूर आहे तिथल्या काड्या नाहीतर खोडाला गुंडाळलेल्या फेल्टच्या पट्ट्या नवीन बागेत नेऊन बांधतात, मित्र कोळी आपोआप तिकडे उतरतो. मी त्याचंच गावठी रूप केलं. विहिरीजवळ घेवड्याचा एक वाफा आहे, त्याला कुठलंच औषध नाही, तिथे कोळी येतो आणि पाठोपाठ पळणारा पण येतो. भिंगाखाली ज्या पानावर लाल कोळी जवळपास संपलेत आणि पळणारे आहेत अशीच पानं निवडून, सकाळी लवकर, बागेत जिथे नुकते ठिपके दिसायला लागलेत त्या वेलींवर पानाच्या बेचक्यात अडकवली. घाईत लाल कोळ्याने भरलेली पानं आणून अडकवाल तर स्वतःच्या हाताने रोग पेराल, तेवढं बघा. अंदाज म्हणून, दहा लाल कोळ्यांमागे एक पळणारा दिसत असेल तर मी हात आवरतो आणि चार-पाच दिवसांनी परत मोजतो. जाळी पडून पान तांबूस झाल्यावर मित्र कोळी सोडून काही होत नाही, तोवर गाडी निघून गेलेली असते, तिथे औषध मारूनच संख्या खाली आणावी लागते आणि तेही अख्ख्या प्लॉटला नाही, तेवढ्याच ओळींना. आणि एक्सपोर्टचा माल असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या औषधांच्या यादीत, म्हणजे अ‍ॅनेक्शर ५ मध्ये ते औषध आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बघितल्याशिवाय टाकीत काही ओतू नका.

बुरशीवाली जैविक औषधं, बिव्हेरिया वगैरे, मी मारून बघितली. हवेत ओल असताना संध्याकाळी मारली तर थोडं काम दिसतं, मार्चच्या कोरड्या वाऱ्यात नाही, आणि मागेपुढे डावणी-भुरीची बुरशीनाशकं चालू असतील तर पैसे गेले समजा.

साधं पाणी मात्र लोक विसरतात. रस्त्याकडेच्या ओळींत कोळी नेहमी जास्त असतो ते उगाच नाही, पानावर धूळ बसली की मित्र कोळ्याला आणि ढालकिड्याला फिरता येत नाही, लाल कोळी मात्र जाळीच्या आत निवांत. मण्यात पाणी उतरायच्या आधी सकाळच्या वेळी खालून वर जोराने नुसत्या पाण्याचा फवारा मारला, दुपारपर्यंत पानं वाळतील असा, तर जाळी, धूळ, कोळी बरंच धुऊन निघतं. मणी नरम पडल्यावर घडावर पाणी नको, मणी तडकतात. आणि वेलीला पाण्याचा ताण पडू देऊ नका, ताणातल्या वेलीवर कोळी दुप्पट वेगाने वाढल्यासारखा वाटतो.

बांधावरच्या तणाचं काय करायचं यावर माझं स्वतःचंच अजून पक्कं नाही. एरंड, हरणखुरी, रानभाज्या यांच्यावर लाल कोळी जगतो, हवेत धाग्यावर लटकून वाऱ्याने बागेत येतो, म्हणून लोक सगळं साफ करतात. पण त्याच तणावर मित्र कोळीही जगतो, आणि तिथला लाल कोळी कधी औषध न लागलेला असतो, तो बागेत येऊन इथल्या तगलेल्या कोळ्यांशी जुळला तर औषध न जुमानणारं जनुक थोडं पातळच होतं. माल काढल्यावर दोन महिने कोणी पानांकडे बघत नाही, मग खरड छाटणीला, म्हणजे माल काढल्यावरच्या मोठ्या छाटणीला, सगळी पानं एकदम जातात, तेव्हा मित्र कोळ्याला जायला जागा कुठली? म्हणून मी बांध एकदम साफ करणं बंद केलंय, एक बाजू काढतो, एक ठेवतो.

यंदा उडद्यासाठी रात्री बॅटरी घेऊन कडेच्या ओळी बघितल्या, जिथे दिसला तिथेच मारलं, लॅम्डा बंद, मॅन्कोझेब निम्मं. फेब्रुवारी संपेपर्यंत कोळ्याचा एकच स्प्रे लागला, तोही रस्त्याकडच्या चार ओळींना, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात आतल्या ओळींत पान उलटं केलं की एक-दोन पळणारे हमखास दिसायचे. कोळी संपलेला नाही, पानागणिक थोडे आहेत. बांधापलीकडे चुलतभावाने वांगी लावलीत आणि तो दर आठ दिवसांनी फवारतोय, तिकडून वारा आला की काय येतं ते मला माहितीये. त्याला पण एक भिंग आणून दिलंय, अजून पुडक्यातून बाहेर काढलेलं नाही.